गाठ लाल दिसते तेव्हा

दक्षिण जर्मनीत इमेन्डिंगेनजवळ डॅन्यूब नदीचं पाणी जमिनीत जिरतं. ते निघतं कुठे, हे शोधायला भूवैज्ञानिक अडॉल्फ क्नॉप यांनी ऑक्टोबर १८७७मध्ये त्यात १० किलो फ्लुरेसीन ओतलं. सुमारे ६० तासांनी आख नदीच्या उगमाचं पाणी हिरवं चमकू लागलं. अडॉल्फ फॉन बायर यांनी हा रंग १८७१मध्ये बनवला होता. पुढे तो माणसाच्या शिरेतून मेंदूपर्यंत गेला.

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाची गाठ कडेकडेला निरोगी मेंदूत अशी मिसळलेली असते की सूक्ष्मदर्शकातूनही तिची हद्द कळत नाही. कमी काढली तर ती लवकर उलटते. जास्त काढायला जावं तर रुग्णाची वाचा किंवा हातपाय जाण्याची भीती. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज मूर यांनी १९४७-४८च्या सुमारास रुग्णांना शिरेतून फ्लुरेसीन दिलं आणि अतिनील दिव्याखाली गाठ शोधली. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून रंग तिथे झिरपतो. पण सूज असेल, सुरी लागली असेल, तिथेही तो झिरपतोच. त्याला कळते ती फक्त गळती.

दुसरा धागा मला त्याहून विलक्षण वाटतो. फ्रान्समध्ये ल्यों इथे पोलिकार यांना १९२४मध्ये उंदरांच्या गाठी अतिनील प्रकाशात लाल चमकताना दिसल्या. ती लाली पॉर्फिरिनची. रक्तातलं हीम घडताना शरीरात तयार होणारा हा पदार्थ. म्युनिकमध्ये वॉल्टर श्टुमर आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हीच वाट धरली. शस्त्रक्रियेपूर्वी काही तास रुग्णाला ५-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल पाण्यातून प्यायला द्यायचं. गाठीच्या पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन बनवतात, पण त्यात लोह जोडून हीम पुरं करण्यात मागे पडतात. पदार्थ साचत जातो, आणि निळ्या प्रकाशात गाठ लाल होते. म्हणजे स्वतःला उघडं पाडणारा रंग ती स्वतःच घडवते!

२००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत हे आम्ल दिलेल्यांपैकी, नंतरच्या एमआरआयमध्ये गाठीचा उजळ भाग उरलाच नाही असे रुग्ण ६५ टक्के होते. साध्या पांढऱ्या प्रकाशात शस्त्रक्रिया झालेल्यांत ३६ टक्के. युरोपात औषधाला २००७मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत थेट २०१७मध्ये. या औषधानंतर रुग्णाला साधारण दिवसभर प्रखर उजेडापासून जपावं लागतं, कारण त्वचाही प्रकाशाला हळवी होते.

संथ वाढणाऱ्या गाठी मात्र बहुतेकदा लाल होतच नाहीत. तिथे सर्जन अनेकदा रुग्णाला जागं ठेवतात आणि त्याच्याशी बोलत बोलत गाठ काढतात.