झाशी, रात्री पावणेअकरा

फेब्रुवारी २०२४. झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजात आगीच्या सुरक्षेचं ऑडिट होतं.

जून. मॉक ड्रिलही होतं. हे दोन्ही आपल्याला आग लागून गेल्यावर कळतं, उत्तर प्रदेशचे उपमुख्यमंत्री ब्रजेश पाठक यांच्याकडून.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, रात्र. नवजात अतिदक्षता कक्षाची क्षमता अठरा, बाळं एकोणपन्नास. यात नुसता डॉक्टरांचा दोष काढून भागत नाही. गरिबाच्या तोळामासा बाळाला दुसरीकडे दार उघडत नाही. जरा बरी असलेली बाळं बाहेरच्या भागात, अत्यवस्थ आतल्या. म्हणजे ज्यांना हलवणं सगळ्यात अवघड, त्यांनाच दार सगळ्यात लांब.

इथल्या एकाही बाळाला मान धरता येत नाही. ड्रिलमध्ये पळणारी माणसं मोठी असतात. रात्रपाळीची एक नर्स किती बाळं उचलणार, हा हिशेब कागदावर कुणी मांडला होता?

साडेदहा ते पावणेअकरा. सिरिंज आणायला गेलेली नर्स परतते तो ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पेटलेला. तिनेच नंतर हे सांगितलं. शॉर्टसर्किटचा संशय. वॉर्डबॉय अग्निशामक घेऊन धावतो, तोवर आग हाताबाहेर. ऑक्सिजन मुरलेल्या खोलीत ठिणगीला फुंकर लागत नाही. दिवे जातात. धुरात चाचपडत सलाइन, नळ्या, वायरी सोडवायच्या आणि मग बाळ उचलायचं. नर्सची सलवार पेट घेते. ती बदलून ती पुन्हा बाळांकडे वळते. बाहेरचे लोक खिडक्यांच्या काचा फोडतात, बाळं हातोहात बाहेर येतात. एकोणचाळीस वाचतात, दहा जातात.

भंडाऱ्याच्या आगीतला आकडाही हाच होता. ९ जानेवारी २०२१, रात्री दीड-दोनचा सुमार, जिल्हा रुग्णालयात सतरापैकी दहा बाळं. तेव्हाही महाराष्ट्रभर ऑडिटचे आदेश सुटले होते. पण तो धडा काही झाशीपर्यंत पोचला नाही.

१६ नोव्हेंबर, पहाट. उपमुख्यमंत्री येणार म्हणून रस्त्याकडेला चुना टाकला जातो. पाठक स्वतःच त्याचा निषेध करतात.

सकाळ. तीन मृतदेहांची ओळख पटलेली नाही. डीएनए तपासणीची भाषा सुरू होते. आईबाप एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात आपलं बाळ शोधत फिरताहेत. चार जणांची चौकशी समिती नेमली जाते. वाचवलेल्यांपैकी आणखी काही बाळं पुढच्या दिवसांत दगावतात.