देवीची खबर

1975चा पावसाळा सरत आलाय आणि तुम्ही कुंभार पिंपळगावात उभे आहात. हे गाव ज्यात येईल तो जालना जिल्हा व्हायला अजून सहा वर्षं आहेत. 72चा दुष्काळ लोकांच्या बोलण्यातून गेलेला नाही. भिंतीवर ठळक अक्षरं रंगवलीत: देवीचा रोगी कळवणाऱ्याला 1,000 रुपये बक्षीस. एवढी रक्कम एकगठ्ठा पाहिलेला शेतमजूर इथे सापडणं कठीण.

आरोग्य कर्मचारी दारोदार फिरतोय. तुम्ही त्याच्या मागे चाला. हातात अंगभर फोड आलेल्या मुलाचं चित्र, काखेत वही. एका दाराला कडुनिंबाचा डहाळा लटकतोय. तो चप्पल बाहेर काढतो, ओट्यावर बसतो.

"आजी, लेकराला ताप कवापासून हाय?"

"चार दिस झाले. आई आलीया घरात, मोठ्यानं बोलू नका."

तो आवाज उतरवतो. लेकराचे तळहात, तळपाय बघतो: स्वच्छ. फोड छाती-पाठीवर जास्त. काही ताजे, काही खपली धरलेले. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातापायांवर दाट येतात आणि एकाच वेळी पिकतात. या कांजिण्या. तरी तो वहीत नोंद करतो.

देवी असत्या तर दाराशी पहारा बसला असता आणि आसपासच्या प्रत्येकाला दुटोकी सुईने 15 वेळा टोचून लस दिली असती. लागण झाल्यावर तीन-चार दिवसांत लस मिळाली तरी बहुतेकदा रोग टळतो. म्हणूनच खबर लवकर हवी.

आता 78 वर्षं मागे या. पुणे, 1897. प्लेगची साथ. इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सोजीर घरात शिरताहेत, देवघरापर्यंत. रोगी इस्पितळात, घरचे सेग्रिगेशन कॅम्पात, सामान जाळात. शेजारच्या घरात कुणीतरी तापाने फणफणलेलं माणूस माळ्यावर दडवतंय. तुम्ही त्या घरचे असता, तर कळवलं असतं? याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्चला गेल्या. 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारच्या धाकाने रोग मात्र हटला नाही, लपवला गेला.

पिंपळगावात परत या. त्या कर्मचाऱ्याला अजून खात्रीने ठाऊक नाही, पण तुम्हाला आहे: देशातला देवीचा शेवटचा रुग्ण मे महिन्यातच आसामातल्या करीमगंजात सापडलाय. तरी तो आणि त्याच्यासारखे हजारो जण पुढची दोन वर्षं दारं ठोठावणार आहेत, कारण रोगी उरला नाही हे घरोघर विचारल्याशिवाय सिद्ध होत नाही. एप्रिल 1977मध्ये आंतरराष्ट्रीय आयोग भारत देवीमुक्त झाल्याचं मान्य करेल.

त्या यशात लस आणि सुईइतकाच वाटा ओट्यावर बसून विचारलेल्या प्रश्नाचा आहे. पुढची साथ आली की आधी एवढंच तपासा: आजार कळवणाऱ्याला शिक्षा मिळतेय की आधार?