तपास, खटला आणि न्याय: तीन शब्दांचा इतिहास

एखाद्या गुन्ह्याने समाज हादरला की दोन मागण्या हमखास कानी येतात. पहिली, ‘सीबीआय चौकशी करा’. दुसरी, ‘न्याय मिळालाच पाहिजे’. या मागण्या एकाच दमात, जणू पहिलीत दुसरी आलीच अशा रीतीने केल्या जातात. आम्ही भाषा आणि साहित्य शिकवणारी माणसे. कायदा हे आमचे क्षेत्र नव्हे. परंतु शब्दांची सरमिसळ झाली की विचारांचीही होते, हे आमच्या विषयाने आम्हांस शिकवले आहे. तपास, खटला आणि न्यायनिवाडा ही तीन वेगळी कामे आहेत. ती वेगळी का करावी लागली आणि पुन्हा एकत्र येऊ पाहतात तेव्हा काय होते, हे येथे पाहावयाचे आहे.

पेशवाईतील पुण्यात कोतवाल माणसे पकडत असे, त्यांना कोठडीत ठेवीत असे आणि लहानसहान गुन्ह्यांत दंडही करीत असे. तेंडुलकरांच्या नाटकामुळे घाशीराम आपल्या परिचयाचा आहे. पण इतिहासातील १७९१ची घटना नाटकाबाहेरही बोलकी आहे. त्याच्या कोठडीत कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेकजण गुदमरून मेले आणि त्यानंतर खुद्द घाशीराम जमावाच्या दगडांखाली मेला. दोन्ही वेळा शिक्षा झाली. निवाडा मात्र एकदाही झाला नाही. पकडणाराच शिक्षा देऊ लागला की उद्या जमावालाही तोच अधिकार आपला वाटतो, असे या घटनेकडे पाहून म्हणावेसे वाटते.

इंग्रजी अमदानीत हे काम सुटे झाले, तेही सत्ताधाऱ्यांच्या औदार्याने नव्हे. १८५५मध्ये मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाने महसूल व पोलीस खात्यांतील मारहाणीचे चित्र उघड केले. पुढे १८६१मध्ये पोलीस कायदा आला आणि १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ने एक विलक्षण गोष्ट नोंदवली: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. राज्यकर्त्याने स्वतःच्याच पोलिसांवर दाखवलेला हा लेखी अविश्वास होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, कलम २३मध्ये, तो कायम आहे.

राष्ट्रीय तपास यंत्रणेचा जन्म मात्र युद्धाच्या हिशेबवहीत झाला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी खरेदीतील लाचखोरी शोधण्यासाठी १९४१मध्ये युद्धखात्याने विशेष पोलीस दल उभारले. त्याचे मुख्यालय लाहोरला होते. १९४६च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याने त्याला कायमचा आधार दिला. १ एप्रिल १९६३ रोजी गृहमंत्रालयाच्या एका ठरावाने या दलाचे केंद्रीय अन्वेषण विभागात, म्हणजे सीबीआयमध्ये, रूपांतर झाले. देशभर दरारा असलेली ही संस्था आजही नावात ‘दिल्ली’ असलेल्या कायद्याच्या आधाराने काम करते. २०१३मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो ठरावच अवैध ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत त्या निकालास स्थगिती दिली, म्हणून संस्था चालू राहिली.

घटनेनुसार पोलीस हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे १९४६च्या कायद्याचे कलम ६ सांगते की राज्याच्या संमतीविना सीबीआयने तेथे तपास करू नये. न्यायालयाने आदेश दिला तर गोष्ट निराळी. महाराष्ट्राने ही सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२०मध्ये काढून घेतली आणि सत्ताबदलानंतर ऑक्टोबर २०२२मध्ये परत दिली. संस्था तीच, कायदाही तोच; बदलले ते सरकार. लगाम कोणाच्या हाती, हा प्रश्न म्हणूनच जुना आहे. विनीत नारायण खटल्यात १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संचालकास किमान दोन वर्षांची मुदत आणि केंद्रीय दक्षता आयोगाची देखरेख ठरवून दिली. तरीही २०१३मध्ये त्याच न्यायालयास या संस्थेसाठी पिंजऱ्यातील पोपटाची उपमा वापरावी लागली. शिवाय सीबीआयचे अभियोग संचालनालयही सीबीआय संचालकाच्याच देखरेखीखाली आहे. तपास करणारा आणि खटला चालवणारा असे दोन हात येथे एकाच घरात नांदतात.

२६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर महिनाभरातच एनआयए कायदा झाला. दहशतवादासारख्या अनुसूचित गुन्ह्यांत या संस्थेला राज्याची संमती लागत नाही. ईडीची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. आर्थिक गैरव्यवहारविरोधी कायद्याखाली काम करणारे तिचे अधिकारी ‘पोलीस’ नव्हेत, म्हणून त्यांच्यापुढील जबाब पुराव्यात ग्राह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये ठरवले. आरोपी कोठडीत असताना घेतलेल्या अशा जबाबाला २०२४मध्ये त्याच न्यायालयाने मर्यादा घातली. एका शब्दाच्या व्याख्येवर माणसाचे स्वातंत्र्य कसे तोलले जाते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावे.

शेवटी आपल्या जवळचे उदाहरण. ‘साधना’चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. आधी पुणे पोलिसांनी तपास केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१४मध्ये तो सीबीआयकडे गेला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. या निकालाने अनेकांचे समाधान झाले नाही. पण जन्मठेप आणि सुटका हे दोन्ही निर्णय तपास यंत्रणेने दिलेले नाहीत. तिने पुढे ठेवलेला पुरावा न्यायालयाने तपासला, काही स्वीकारला, काही नाकारला. तपास कच्चा राहिला तर त्याची जबाबदारी तपासणाऱ्यावर टाकता येते, आणि तीही हे हात वेगळे असल्यामुळेच.

‘सीबीआय चौकशी’ची मागणी अवश्य करावी. मात्र ती तपासाची मागणी आहे, न्यायाची नव्हे, हे लिहिताना आणि शिकवताना आपण विसरू नये.