डिकेमाली आणि कोलेटर : एका स्रावाचे तीन इतिहास

प्रस्तावना : वर्धा जिल्ह्यातील उन्हाळ्याचे तापमान कधी कधी ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अशा उन्हातही रुई व कण्हेर या वनस्पतींचे कोवळे शेंडे टिकून राहतात. त्यामागील एक कारण म्हणजे पर्णदेठाच्या तळाशी असणाऱ्या सूक्ष्म स्रावी ग्रंथी, अर्थात कोलेटर. या ग्रंथीच्या मध्यभागी लांबट पेशींचा गाभा असून त्याभोवती स्रावी बाह्यत्वचेचा एकच थर असतो. तिचा चिकट स्राव वर्धनशील शेंड्याला शुष्कतेपासून वाचवतो. कार्य संपताच ग्रंथी सुकून जाते.

विदर्भातील शुष्क पानझडी वनांत आढळणाऱ्या डिकेमालीच्या झुडपात हाच स्राव पिवळसर राळेच्या रूपाने दिसतो. येथे ग्रंथी उपपर्णांच्या आतील बाजूस असतात. बालकांचे जंत व पोटदुखी यांवर, तसेच जनावरांच्या जखमांवरील माश्या दूर ठेवण्यासाठी डिकेमालीचा वापर पूर्वापार होत आला आहे.

ऐतिहासिक आढावा : या स्रावाचा पहिला इतिहास राळ गोळा करणाऱ्या वनवासींचा व काष्ठौषधींच्या बाजाराचा आहे. रॉथ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये या झुडपाला 'गार्डेनिया रेझिनिफेरा' म्हणजे राळधारक हे नाव दिले, ते याच गुणावरून. दुसरा इतिहास रसायनशास्त्राचा. स्टेनहाउस यांनी १८५६ मध्ये डिकेमालीतील 'गार्डेनिन' या स्फटिकी द्रव्याचे वर्णन केले. पुढे १९७० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील के. वेंकटरामन व सहकाऱ्यांनी त्यातील पाच फ्लेवोन प्रसिद्ध केले. तिसरा इतिहास शरीररचनाशास्त्राचा. जर्मन शास्त्रज्ञ हान्स्टाइन यांनी १८६८ मध्ये कळ्यांतील स्रावी अवयवांचा अभ्यास करून डिंक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'कोलेटर' ही संज्ञा रूढ केली. भारतीय संशोधक व्ही. थॉमस यांनी १९९१ मध्ये या विषयाचा विस्तृत आढावा घेतला.

निष्कर्ष : हे तीन प्रवाह एकमेकांना क्वचितच भेटले. परंपरेने राळ मिळवताना थेंबासह शेंडाच खुडला जातो. म्हणजे संरक्षक स्रावाबरोबर ज्याचे रक्षण व्हावयाचे तो वर्धनबिंदूही जातो. केवळ रसायनाकडे पाहणाऱ्यास ही हानी दिसत नाही. रचनेच्या अभ्यासकास ती तत्काळ दिसते. म्हणून महाविद्यालयीन वनस्पतिशास्त्र विभागांनी शेंड्यांचे छेद घेताना राळ गोळा करणाऱ्यांच्या पद्धतींचीही नोंद घ्यावी. किती शेंडे खुडावेत व किती राखावेत, याचे उत्तर या दोन्ही ज्ञानांच्या भेटीतूनच मिळेल.