पोलादाचं कुंपण

परदेशी पोलादावर कर वाढला की दोन सूर हमखास ऐकू येतात. पोलाद बनवणारे म्हणतात, उद्योग वाचला. पोलाद विकत घेणारे छोटे कारखानदार म्हणतात, आम्ही मेलो. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. एप्रिल 2025 मध्ये केंद्र सरकारने काही पोलादी मालाच्या आयातीवर 200 दिवसांसाठी 12 टक्के शुल्क लावलं, तेव्हाही हेच झालं. मला अशा वेळी 1924 साल आठवतं (अर्थात, वाचलेलं!).

खरं तर गोष्ट त्याच्याही आधीची. न्यायमूर्ती रानड्यांच्या 1898 सालच्या इंग्रजी निबंधसंग्रहात लोखंड उद्योगाच्या सुरुवातीच्या प्रयत्नांवर एक अख्खा निबंध आहे. नव्या उद्योगाला सरकारने हात दिला पाहिजे, असं ते सांगत होते. पण राज्य इंग्रजांचं आणि धोरण खुल्या व्यापाराचं. साकचीला (आजचं जमशेदपूर) टाटांचं पोलाद 1912 साली निघालं, ते संरक्षक कराच्या आधाराशिवायच.

पहिल्या महायुद्धात तिथले रूळ थेट मेसोपोटेमियापर्यंत गेले. कंपनीने मोठा विस्तार काढला. आणि युद्ध संपल्यावर युरोपातलं स्वस्त पोलाद बंदरांत येऊन पडू लागलं. 1924 साली कंपनी चालू ठेवण्यासाठी दोराबजी टाटांना स्वतःची मालमत्ता गहाण टाकावी लागली.

तोवर इब्राहिम रहिमतुल्लांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने 1922 मध्ये एक सूत्र सांगितलं होतं. संरक्षण द्या, पण निवडून द्या. उद्योगाला नैसर्गिक अनुकूलता हवी, संरक्षणाशिवाय तो वाढणार नाही अशी स्थिती हवी, आणि पुढे कधीतरी त्याने संरक्षणाशिवाय जगाशी टक्कर द्यायला हवी. मला यातली तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोपाला कुंपण घालायचं, पण झाड झालं की काढायचं.

या कसोटीवर पोलाद घासून पाहिलं 1923 मध्ये नेमलेल्या टॅरिफ बोर्डाने. त्याच्या तीन सदस्यांत एक होते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे. बोर्डाच्या शिफारशीवरून 1924 चा कायदा झाला. आधी 10 टक्के कर होता, आता साध्या कांबींवर टनाला 40 रुपये बसले. रुळांच्या किमती मात्र रेल्वेशी झालेल्या जुन्या करारांनी बांधलेल्या. तिथे कर वाढवून कंपनीला काय मिळणार? म्हणून रुळांसाठी सरकारी तिजोरीतून थेट अनुदान दिलं - पहिल्या वर्षी टनाला 32 रुपये, मग 26, मग 20. आणि मुदत फक्त तीन वर्षं.

या दोन वाटांमधला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. अनुदान अंदाजपत्रकात दिसतं, त्यावर प्रश्न विचारता येतो. आयातकराचं ओझं मात्र फाळ, पहार आणि पत्र्याच्या किमतीत विरघळून जातं. ते भरणाऱ्या शेतकऱ्याला आपण काही भरतोय हे कळतही नाही.

1927 साली मुदत संपल्यावर नवा कायदा आला. त्यात ब्रिटिश पोलादाला कमी कर आणि बाकीच्यांना जास्त. म्हणजे कुंपण होतं, पण मालकाच्या गुरांसाठी वाट सोडून! शिवाय कारखान्याने खर्च कमी करावा, ही अपेक्षा होतीच. खर्च कमी म्हणजे माणसं कमी. 1928 मध्ये जमशेदपूरला कामगारकपातीवरून कित्येक महिने संप आणि टाळेबंदी चालली. सुभाषचंद्र बोस मध्ये पडले तेव्हा कुठे तडजोड झाली. पोलाद वाचलं, पण त्याची किंमत थोडी शेतकऱ्याने आणि थोडी भट्टीसमोरच्या माणसाने मोजली.

तरीही मी त्या कायद्याला वाईट म्हणणार नाही. तो झाला नसता तर भारतात पोलाद उद्योग टिकला असता का, याची शंकाच आहे. आणि मुख्य म्हणजे तिसरी अट पाळली गेली. 1947 साली पोलादावरचं हे संरक्षण उठलं. लागली दोन तपं, पण कुंपण निघालं.

म्हणून आज कुठल्याही देशाने धातूंवर कर बसवला की मी किती टक्के हे नंतर बघतो. आधी बघतो, हे कुंपण कधी काढणार ते सांगितलंय का, आणि तोवरचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं नसली, तर कुंपणच शेत खातं म्हणायचं.