वाट कॅनिंगची, पाणी कुणाचे?

जुना नकाशा हातात घेऊन एखाद्या 'संशोधका'च्या वाटेने पुन्हा जायचे, हा जगभरातल्या हौशी प्रवाशांचा आवडता उद्योग आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कॅनिंग स्टॉक रूट ही अशीच एक प्रसिद्ध वाट. विलुना ते हॉल्स क्रीक, सुमारे १,८५० किलोमीटर वाळवंट. १९६८ साली सर्वेक्षकांनी ती प्रथमच मोटारीने संपूर्ण पार केली. आज लोक विहीर क्रमांक एक, दोन, तीन असे मोजत तिथून जातात आणि आल्फ्रेड कॅनिंगच्या धाडसाचे गुणगान करतात.

आम्ही तोच नकाशा समोर ठेवतो, तेव्हा आमचा पहिला प्रश्न वेगळा असतो. या वाळवंटात पाणी कुठे आहे, हे कॅनिंगला कोणी सांगितले?

आधी ही वाट का हवी होती ते पाहू. दक्षिणेकडच्या सोन्याच्या खाणींवर मांसाची मोठी मागणी होती. पूर्व किंबर्लीतल्या गुरांना गोचीड झाल्यामुळे ती जहाजाने नेण्यास बंदी होती. कोरड्या वाळवंटातून गुरे हाकत आणली तर गोचीड वाटेतच मरेल, असा हिशेब मांडला गेला. म्हणजे हा शोध ज्ञानासाठी नव्हता, बाजारासाठी होता. १९०६ साली सरकारने कॅनिंगला वाट आखायला पाठवले.

कॅनिंगने सोबत उंट नेले, तशा साखळ्याही नेल्या. वाटेत दिसलेल्या मूळनिवासी माणसांना पकडायचे, त्यांच्या गळ्यात साखळी घालायची आणि पाण्यापर्यंत न्यायला लावायचे, ही त्याची पद्धत. तो पहिला नव्हता. दहा वर्षांपूर्वी त्याच भागातून गेलेल्या डेव्हिड कार्नेगीने माणसांना बांधून आणि तहानलेले ठेवून पाणी कसे दाखवायला लावले, हे स्वतःच्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवले आहे.

हे आरोप आज आम्ही करतो आहोत असेही नाही. कॅनिंगच्या तुकडीतला स्वयंपाकी एडवर्ड ब्लेक यानेच परत आल्यावर तक्रार केली. १९०८ साली रॉयल कमिशन बसले. साखळ्या वापरल्या हे कोणी नाकारले नाही. तरीही कमिशनने कॅनिंगला दोषमुक्त केले आणि त्याच वर्षी तो विहिरी बांधायला पुन्हा वाळवंटात गेला. मित्रहो, चौकशी होते, पुरावा समोर येतो आणि आरोपी सन्मानाने सुटतो, हे आपल्याला नवीन आहे काय?

१९१० पर्यंत पन्नासच्या आसपास विहिरी तयार झाल्या. त्यातल्या बहुतेक विहिरी मूळनिवासींच्या पाणवठ्यांवर किंवा त्यांच्या अगदी जवळ बांधल्या होत्या. हे पाणवठे त्या लोकांनी पिढ्यानपिढ्या जपले होते. कायम टिकणारे 'जिवंत पाणी' कोणते, हंगामी झरा कोणता, याची त्यांच्याकडे वेगवेगळी नावे होती, गाणी होती, कथा होत्या. कॅनिंगने तिथे खोल खोदले, लाकडाने बांधून काढले, रहाट आणि जड बादल्या बसवल्या. गुरांच्या कळपासाठी ही सोय उत्तम होती. पण ज्यांचे पाणी होते त्यांना ते काढणे अवघड झाले. १९२९ साली दुरुस्तीसाठी पाठवलेल्या विल्यम स्नेलनेच विहिरींच्या या बांधणीवर टीका केली. मूळनिवासींनी अनेक विहिरी मोडल्या, त्यांची लाकडे जाळली. सरकारी कागदात याची नोंद 'नासधूस' अशी आहे. आम्ही याला आपले पाणी परत मिळवण्याची धडपड म्हणतो.

आणि एवढे करून मिळाले काय? १९११ ते १९३१ या वीस वर्षांत गुरांचे जेमतेम आठ कळप त्या वाटेने गेले.

काही जण म्हणतील, कॅनिंगचे श्रम तुम्ही नाकारता का? मुळीच नाही. मोजमाप त्याचे होते, ते अवघड होते आणि तो कुशल सर्वेक्षक होता. पण मोजणे वेगळे आणि शोधणे वेगळे. जे दुसऱ्याला आधीच ठाऊक होते ते त्याच्याकडून जबरदस्तीने काढून घ्यायचे आणि नकाशावर स्वतःचे नाव लिहायचे, याला शोध म्हणत नाहीत.

आता हे आपल्या घराजवळ आणून पाहू. गावाची शीव कुठून कुठे जाते, हे महाराला ठाऊक असे. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची मानली जाई. जमिनीचे ज्ञान त्याच्याकडून घ्यायला गावाला विटाळ नव्हता. त्याच माणसाला गावच्या पाणवठ्यावर मात्र मज्जाव होता. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. ऑस्ट्रेलियातला वंशवाद आणि इथली जातिव्यवस्था एकच आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्ञान घ्यायचे आणि माणूस नाकारायचा, ही रीत दोन्हीकडे सारखीच दिसते.

त्या वाळवंटातल्या लोकांनी पुढे काय केले, हे आपल्या तरुणांनी जरूर समजून घ्यावे. ऑस्ट्रेलिया ही कुणाचीच भूमी नव्हती, हा कायदेशीर बनाव १९९२ च्या माबो खटल्यात कोसळला. जमिनीवरचा हक्क सिद्ध करायची वेळ आली तेव्हा, १९९७ साली, न्गुर्रारा प्रदेशातील चित्रकारांनी एकत्र बसून सुमारे आठ बाय दहा मीटरचे एक प्रचंड चित्र रंगवले. त्यात त्यांचे पाणवठे होते. न्यायाधिकरणासमोर एकेक जण आपापल्या पाणवठ्याच्या चित्रावर उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला. ज्यांना एकेकाळी साखळीने बांधून पाणी दाखवायला लावले होते, त्यांच्या वारसांनी स्वतःचा नकाशा स्वतः मांडला. २००७ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला. १८९७ साली गोड्या पाण्याच्या आशेने आलेल्या फ्रँक हानने एका खाऱ्या सरोवराला 'निराशा सरोवर' असे नाव दिले होते. मार्तू लोकांच्या मागणीनंतर २०२० मध्ये त्याचे नाव कुंपुपिंटिल असे झाले.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. जुने नकाशे जरूर वाचा, पण ते कोणाच्या सांगण्यावरून काढले गेले हे आधी विचारा. आपल्या वस्तीतली म्हातारी माणसे अजून आहेत. जुना पाणवठा कुठे होता, पाणी भरायला कुठवर जावे लागे, कोण वरून ओतत असे आणि कुठे उभे राहू देत नसत, हे त्यांना ठाऊक आहे. वही घ्या, त्यांच्याजवळ बसा आणि तो नकाशा काढा. आपण काढला नाही तर दुसरा कोणी काढील, आणि त्यावर आपली वस्ती नसेल.

जय भीम!