सायडनस्ट्रिकर कुटुंब
ॲब्सलम व कॅरी सायडनस्ट्रिकर हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी दांपत्य १८८० मध्ये चीनला गेले. त्यांच्या सात मुलांपैकी चार लहानपणीच दगावली. कॅरीच्या मनातून तो सल कधी गेला नाही. ॲब्सलम अखेरपर्यंत धर्मप्रचारातच गढलेले राहिले. खरा बदल घडला तो मुलगी पर्ल (जन्म १८९२) हिच्यात. यांगत्सेकाठच्या झेनजियांगमध्ये चिनी आयेच्या तोंडच्या भुताखेतांच्या गोष्टी ऐकत आणि कन्फ्यूशियन पंडिताकडे धडे गिरवत ती वाढली. पुढे तीही मिशनमध्येच होती. तरीही १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात तिने मिशनऱ्यांच्या अज्ञानावर व तुच्छतावृत्तीवर निर्भीडपणे बोट ठेवले. वाद पेटला आणि १९३३ मध्ये तिने राजीनामा दिला. नोबेलविजेत्या (१९३८) पर्ल बक त्या याच. आईवडिलांची त्यांनी लिहिलेली दोन्ही चरित्रे १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली.